राइट म्हणजे सुतार: स्कॉटलंडमधल्या कारागीर पूर्वजाचा माग

पुण्याच्या एका आजींचा प्रश्न आहे. त्यांची सून एडिंबऱ्याची. नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय. आजींच्या बाजूचं सगळं कुलवृत्तांतात मिळालं. सुनेच्या बाजूला हाताशी तीनच गोष्टी आहेत: तिच्या खापरपणजोबांच्या लग्नाचा 1871 चा एडिंबऱ्यातला दाखला, माळ्यावर सापडलेला एक लाकडी रंधा, आणि "आमचा मूळ पुरुष ग्लासगोचा मोठा कंत्राटदार" ही घरात चालत आलेली गोष्ट. दाखल्यात खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे "जर्नीमन राइट, मयत" असं लिहिलंय आणि लग्न "फ्री चर्चच्या पद्धतीने" लागलंय. इंटरनेटवर त्या वडिलांच्या नावाचे चार जण सापडतात, त्यातले दोन राइट. आपला कोणता, आणि त्याच्या मागे कसं जायचं?

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुमच्या पत्रात एका जागी तुम्ही "राइट घराणं" असं लिहिलंय. इथे राइट हे आडनाव नाही, धंदा आहे. स्कॉटलंडमध्ये राइट म्हणजे सुतार, आणि तोही सगळी कामं करणारा: घराची तुळई, दारं-खिडक्या, कपाट, गाडी, नांगर, शवपेटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा शब्द मागे पडत गेला आणि "जॉइनर" रूढ झाला. म्हणून एकच माणूस 1835 मध्ये राइट, 1851 मध्ये जॉइनर आणि 1861 मध्ये हाउस कार्पेंटर दिसला तर बिचकू नका. उलट "रायटर" दिसला तर मात्र थांबा. स्कॉटलंडमध्ये रायटर म्हणजे वकील. जुन्या हस्ताक्षरात या दोन शब्दांत फार फरक दिसत नाही, आणि संगणकावर नोंदी उतरवणाऱ्यांनी सुतारांचे वकील केलेले मी कितीदा तरी पाहिलेत. वकिलाचा सुतार झाला तर घरचे लोक चूक लगेच दाखवतात. सुताराचा वकील झाला तर कुणीच बोलत नाही!

आता दाखला. तुमचं नशीब असं की लग्न 1855 नंतरचं आणि स्कॉटलंडमधलं आहे. इंग्लंडात सरकारी नोंदणी 1837 मध्येच सुरू झाली, स्कॉटलंडात 1 जानेवारी 1855 ला. पण उशिरा सुरू करताना स्कॉटिश लोकांनी रकाने भरपूर ठेवले. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यात फक्त वडिलांची नावं येत. इथे वराच्या आणि वधूच्या आईचंही नाव येतं, तेही माहेरच्या आडनावासकट. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्या माणसाच्या आई-वडिलांची नावं आणि वडिलांचा धंदा येतो. म्हणजे तुमच्या दाखल्यात त्या राइटच्या बायकोचं माहेरचं आडनाव आहे. पत्रात तुम्ही ते लिहिलेलंच नाही, आणि तुमच्या चार माणसांचा निकाल लावणारी गोष्ट तीच आहे.

चार माणसं एकाच नावाची का, हेही सांगते, कारण तो योगायोग नाही. आपल्याकडे जसं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसा तिथेही रिवाज होता, आणि बराच काटेकोर. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला खुद्द वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. चार भाऊ असले की चौघांचा थोरला एकाच नावाचा. त्यात धंदा काकाच्या हाताखाली शिकायचा, म्हणजे धंदाही तोच. आणि चौघं राहणार चार गल्ल्यांत. तेव्हा नाव आणि धंदा जुळला एवढ्यावर माणूस आपला मानायचा नाही. नाव, धंदा आणि बायकोचं माहेर, तिन्ही जुळलं पाहिजे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी मी आठ महिने एका सुताराच्या मागे होते. सेंट कथबर्ट्स पॅरिश (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग), वय जुळतंय, धंदा जुळतोय, मुलाचं नाव जुळतंय. त्याचे आई-वडील शोधले, आजोबा शोधले, सुबक तक्ता करून दिला. मग एका दफनभूमीत दगड सापडला. स्कॉटिश थडग्यांवर बायकांची माहेरची आडनावं कोरलेली असतात, त्यांच्या कागदपत्रांतही बाईचं माहेरचं आडनाव कधी पुसलं जात नाही. दगडावरचं आडनाव वेगळंच निघालं. मी ज्याच्या मागे होते तो आमच्या माणसाचा चुलतभाऊ होता. आजोबा तेवढे बरोबर निघाले, मधली पिढी सगळी चुकीची. तेव्हापासून बायकोचं माहेर हाती आल्याशिवाय मी एक पाऊल मागे टाकत नाही.

तर पहिलं काम हे. स्कॉटलंड्सपीपल हे सरकारी संकेतस्थळ आहे, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ते चालवतं. खातं उघडून सूची फुकट चाळता येते, मूळ पानाचं चित्र पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. तिथे त्या राइटचा मृत्यू 1855 ते 1871 या काळात शोधा. दोन-तीन उमेदवार निघतील. एकेक पान उघडण्याआधी त्याच्या विधवेचा मृत्यू शोधा, हा माझा नेहमीचा उलटा रस्ता. बायकांच्या मृत्यूची नोंद सूचीत सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही आडनावांखाली सापडते, त्यामुळे तिला हुडकणं सोपं. तिच्या नोंदीत "अमुक जॉइनर याची विधवा" असं असणार. तिथे नवऱ्याचा धंदा कळतो आणि ती कुठे वारली तो पत्ताही. मग नवऱ्याचा मृत्यू त्या परिसरात शोधायचा.

एक बारकावा लक्षात ठेवा. 1855 या पहिल्या वर्षी नोंदी इतक्या तपशीलवार होत्या की निबंधक कातावले. 1856 पासून रकाने कमी झाले. 1856 ते 1860 मधल्या मृत्यूच्या नोंदीत जोडीदाराचं नाव नसतं, 1861 पासून ते परत येतं. पण त्या पाच वर्षांत पुरलं कुठे ते लिहिलेलं असतं. म्हणजे तुमचा राइट 1858 मध्ये वारला असेल तर बायकोच्या नावावरून खात्री करता येणार नाही, पण दफनभूमी कळेल. आणि दफनभूमीत दगड असेल तर बायको तिथे भेटेल.

शिवाय नोंदीच्या शेवटी माहिती देणाऱ्याची सही असते, ती आधी वाचा. मुलाने माहिती दिली असेल तर आजी-आजोबांची नावं बहुधा बरोबर. जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर आजीचं माहेर अंदाजपंचे. आपल्याकडे जावयाला सासूबाईंच्या आईचं माहेर विचारून बघा, म्हणजे कळेल.

आता धंद्याकडे वळू. बहुतेक लोक धंदा हे माणसाचं बिरुद समजतात, एकदा लिहिलं की झालं. मला तो वयाप्रमाणे सरकणारा काटा वाटतो. कारागिराच्या आयुष्यात तीन पायऱ्या होत्या. चौदा-पंधराच्या सुमाराला ॲप्रेंटिस, काही वर्षं उस्तादाकडे करारावर. मग जर्नीमन, म्हणजे शिकून तयार झालेला पण दुसऱ्याकडे रोजावर काम करणारा. आणि जमलंच तर मास्टर, स्वतःचं दुकान, स्वतःची माणसं. बहुतेकांची उडी जर्नीमनच्या पुढे कधी गेलीच नाही. तेव्हा एका कागदावर त्या माणसाच्या प्रत्येक नोंदीचं वर्ष, पत्ता आणि धंद्याचा अगदी जसाच्या तसा लिहिलेला शब्द, असं खाली खाली लिहीत जा. मुलांचे जन्म, बाप्तिस्मे, जनगणना, मुलांची लग्नं, मृत्यू. दहा-बारा ओळी झाल्या की काटा कसा सरकतो ते दिसतं. 1838 जर्नीमन, 1841 जर्नीमन, 1845 मास्टर आणि 1848 पुन्हा जर्नीमन असं दिसलं तर दोन शक्यता: एक तर धंदा बुडाला, नाहीतर तुम्ही दोन माणसं एकाच ओळीत शिवली आहेत. दोन्ही गोष्टी शोधण्यासारख्या.

तुमच्या दाखल्यात मुलाने स्वतःच्या लग्नात वडिलांना "जर्नीमन" लिहिलंय, याला मी फार किंमत देते. लग्नाच्या दाखल्यात लोक बापाला वर चढवतात. गवंड्याचा बिल्डर होतो, विणकराचा मॅन्युफॅक्चरर होतो. सासऱ्यासमोर बापाचा हुद्दा उतरवून कोण सांगेल? तेव्हा जिथे जर्नीमन लिहिलंय तिथे तो खरोखर जर्नीमनच असणार. कंत्राटदाराची गोष्ट इथेच लंगडी पडते. पण ती टाकून देऊ नका, तिच्याकडे नंतर येऊ.

जनगणना दर दहा वर्षांनी, 1841 पासून. 1841 ची सगळ्यात कंजूष: पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली, म्हणजे 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो, आणि जन्म याच परगण्यातला की नाही एवढंच. मात्र त्यात जर्नीमनसाठी एक अक्षर आणि ॲप्रेंटिससाठी दोन अक्षरं अशी संक्षेपाची खूण धंद्यापुढे लिहिलेली असते. उतरवलेल्या सूचीत ती अनेकदा गळते, म्हणून मूळ पानच पाहा. 1851 मध्ये जन्माची पॅरिश येते आणि तीच तुमची खरी किल्ली आहे, कारण तिथून मागचा रस्ता कुठे जातो ते कळतं. मास्टर असेल तर "चार माणसं आणि दोन पोरं कामाला" असंही लिहिलेलं सापडतं. 1861 मध्ये खिडकी असलेल्या खोल्या किती ते विचारलं होतं. राइट आणि त्याची बायको-मुलं एका खिडकीच्या एका खोलीत, असं पान मी नातवंडांना दाखवलंय, आणि त्यानंतर कंत्राटदाराचं नाव कुणी काढलेलं नाही.

पत्ता दरवर्षी बदलतो म्हणून माणूस वेगळा समजू नका. स्कॉटलंडच्या शहरांत घरभाड्याचे करार वर्षाचे असत आणि मे महिन्यात, व्हिटसंडे या ख्रिस्ती सणाच्या सुमाराला, अर्धं शहर हातगाड्यांवर सामान लादून घर बदलत असे. त्याला फ्लिटिंग म्हणतात, हा शब्द आजही ऐकू येतो. 1841 ची जनगणना 6 जूनच्या रात्रीची, म्हणजे घर बदलल्यानंतरची. 1851 ची 30 मार्चची, बदलण्याआधीची. मार्चमध्ये सापडलेला माणूस जूनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत दुसऱ्या गल्लीत दिसला तर तो नेमाने झालेला बदल आहे.

बाप्तिस्म्यांचं काय? सरकारी नोंदणीच्या आधी पॅरिशच्या जुन्या वह्याच आधार. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरलची, 1553 पासूनची. एडिंबऱ्याच्या वह्यांत बापाचा धंदा आणि पत्ता बऱ्याचदा मिळतो, साक्षीदारही मिळतात, आणि ते साक्षीदार बहुधा नातेवाईक किंवा त्याच धंद्यातले. पण तुमचे खापरपणजोबा साधारण 1845 चे असणार, आणि लग्न फ्री चर्चच्या पद्धतीने लागलंय. 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं आणि पाळकांचा मोठा गट बाहेर पडून फ्री चर्च झालं. कारागीर लोक मोठ्या संख्येने त्यांच्याबरोबर गेले. मुलाचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत सापडत नसेल तर हेच कारण असू शकेल. स्कॉटलंड्सपीपलवर "इतर चर्च" असा वेगळा विभाग आहे, तिथे शोधा. तिथेही नसेल तर निराश होऊ नका. 1855 आधी नोंद करण्याची सक्ती नव्हतीच, आणि पैसे वाचवायला खूप जण करत नसत.

आता ग्लासगोचा कंत्राटदार. घरातल्या गोष्टी साफ खोट्या क्वचित असतात, बहुधा एका पिढीची गोष्ट दुसऱ्या पिढीला चिकटलेली असते. तपासायची साधनं बरी आहेत. ग्लासगो आणि एडिंबरा दोन्हीकडे पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या दरवर्षी निघत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने 1773 ते 1911 मधल्या सातशेच्या वर डिरेक्टऱ्या फुकट वाचायला ठेवल्यात. त्यात दुकानदार, मास्टर, घरमालक सापडतात, रोजावरचा जर्नीमन सापडत नाही. म्हणजे दहा वर्षं डिरेक्टरीत नाव नसेल तर तोही एक पुरावाच. 1855 पासूनचे व्हॅल्युएशन रोल, म्हणजे घर-मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या याद्या, पाहा. त्यात मालक कोण, भाडेकरू कोण, भाडं किती ते येतं, धंदाही पुष्कळदा येतो. वर्षाला चार पौंडांपेक्षा कमी भाडं भरणाऱ्यांची नावं मात्र सुरुवातीच्या काळात अनेकदा गाळलेली असतात. नॅशनल लायब्ररीचे जुने नकाशे शेजारी उघडून बसा. रोलमधली गल्ली आणि तिच्यामागची सुताराची वखार नकाशावर दिसली की नातवालाही मजा वाटेल.

कंत्राटदार खरंच होता आणि बुडाला असेल तर आपल्यासाठी ती पर्वणी. दिवाळखोरीला स्कॉटलंडात सिक्वेस्ट्रेशन म्हणतात. तिची जाहीर सूचना एडिंबरा गॅझेटमध्ये छापून येते आणि न्यायालयाची कागदपत्रं नॅशनल रेकॉर्ड्समध्ये असतात. त्यात दिवाळखोराची तपासणी असते: धंदा कधी सुरू केला, भांडवल कुणी दिलं, कोणाचं किती देणं, लाकूड कोणाकडून घेतलं. सुताराचं स्वतःच्या तोंडचं आयुष्य इतकं सविस्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि बुडायला कारणही तसंच होतं. एडिंबऱ्याच्या न्यू टाउनचं बांधकाम 1767 च्या आराखड्यापासून दोन पिढ्या चाललं, सुतार-गवंड्यांची चंगळ होती. 1825 च्या आर्थिक संकटानंतर ते आटलं. एडिंबरा शहराची नगरपालिकाच 1833 मध्ये दिवाळखोर झाली. तुमचा राइट 1812 च्या आसपासचा धरला तर तो काम शिकून बाहेर पडला तो नेमका या मंदीत. अशा वेळी पश्चिमेला ग्लासगोत काम शोधायला जाणं अगदी शक्य. मुलांच्या जन्मस्थळांत मधलीच एक-दोन ग्लासगोची निघतात का ते पाहा. आणि कंत्राटदार कदाचित त्याचा बाप असेल, मंदीच्या आधीचा.

त्या बापापर्यंत पोचलात की प्रश्न बदलतो. पहिला प्रश्न हा: तो शहराच्या हद्दीच्या आत काम करत होता की बाहेर? कारण 1846 पर्यंत रॉयल बर्ग म्हणवणाऱ्या शहरांत धंद्याचे मक्ते होते. आपल्या बलुतेदारीत गावाशी वतनाचं नातं असायचं. इथे नातं शहराशी, आणि तेही फी भरून. प्रत्येक धंद्याची इन्कॉर्पोरेशन नावाची संस्था, तिचा मुख्य डीकन. ग्लासगोत अशा चौदा होत्या, लोहारकामाच्या हॅमरमेनपासून बागवानांपर्यंत. एडिंबऱ्यात सुतार आणि गवंडी मिळून एकच संस्था होती, मेरीज चॅपल, सनद 1475 ची. हद्दीत स्वतःच्या नावाने धंदा करायचा तर संस्थेचं सदस्य आणि शहराचं बर्जेस, म्हणजे हक्कदार नागरिक, व्हावं लागे. त्याआधी "एसे" करून दाखवायचा, म्हणजे परीक्षकांसमोर एक वस्तू बनवायची. सुताराला कपाटासारखं काहीतरी करून आणावं लागे आणि परीक्षक सांधे तपासत. या एडिंबऱ्याच्या राइट मंडळींचा सगळ्यात गाजलेला डीकन विल्यम ब्रोडी. दिवसा शहराच्या प्रतिष्ठितांची कपाटं आणि कुलपं बसवायचा, रात्री तीच घरं फोडायचा. 1788 मध्ये फाशी गेला. वंशावळीत असा कुणी निघाला तर घरचे लोक आधी हादरतात आणि मग सगळ्यांना सांगत सुटतात.

बर्जेस होण्याचे रस्ते तीन-चार होते, आणि वंशावळीवाल्याला त्यातच घबाड आहे. बाप बर्जेस असला तर मुलाला फी कमी. बर्जेसच्या हाताखाली शिकला असला तरी कमी. आणि बर्जेसच्या मुलीशी लग्न केलं तरीही कमी! बाहेरच्याला मात्र पूर्ण रक्कम. म्हणून उमेदवार मंडळी उस्तादाच्या मुलीशी लग्न करताना सर्रास दिसतात, आणि त्यात प्रेमाबरोबर हिशेबही असणार. नोंद एका ओळीची असते: अमुक, राइट, बर्जेस, पत्नी अमुक हिच्या हक्काने, जी दिवंगत अमुक, राइट आणि बर्जेस, यांची कन्या. एका ओळीत माणूस, बायको, सासरा, तिघांचा धंदा आणि तारीख. एडिंबऱ्याच्या बर्जेस मंडळींच्या 1406 ते 1841 च्या याद्या छापलेल्या आहेत, ॲप्रेंटिसांच्या 1583 ते 1800 च्या. तुमचा 1812 चा राइट ॲप्रेंटिसांच्या यादीत मिळणार नाही, काळ उलटून गेला. त्याचे वडील मिळू शकतील. त्याच्याही मागे, 1710 ते 1811 या काळात ॲप्रेंटिसशिपच्या करारावर सरकारी मुद्रांक होता आणि तो उस्तादाने भरायचा. त्या वह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांत स्कॉटिश पोरंही आहेत. 1752 च्या आधीच्या नोंदींत मुलाच्या बापाचं नाव येतं, पुढे ते गळतं. बापाने किंवा काकाने पैसे न घेता शिकवलं असेल तर कर नाही, आणि कर नाही म्हणजे नोंदही नाही.

यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं मात्र नाही. हद्दीबाहेर मक्ता चालत नसे. कॅननगेट आणि पोर्ट्सबर्ग एडिंबऱ्याला अगदी चिकटलेले, पण कारभार वेगळा. एडिंबऱ्याच्या यादीत न सापडलेला राइट रस्ता ओलांडून कॅननगेटच्या यादीत सापडतो, असं मी अनेकदा अनुभवलंय. न्यू टाउनच्या आसपासचे बरेच सुतार सेंट कथबर्ट्स पॅरिशमध्ये राहत, तीही जुन्या शहराच्या बाहेरच.

आणि 1851 च्या जनगणनेत जन्म खेडेगावातला निघाला तर बर्जेस वगैरे सगळं विसरा. खेड्यातला राइट कुठल्याच संस्थेत नसे. तो सापडतो चर्चच्या हिशेबात. कर्क सेशन, म्हणजे पॅरिशची चर्च-पंचायत, गरिबांचा निधी सांभाळायची. कुणी निराधार वारला की शवपेटीचे पैसे गावच्या राइटला दिल्याची नोंद हिशेबात येते. वर्षानुवर्षं त्याच नावाला पैसे, मग एके दिवशी त्याच आडनावाचा दुसरा माणूस, म्हणजे बापाचं काम मुलाकडे आलं. या वह्यांची चित्रं स्कॉटलंड्सपीपलवर फुकट पाहता येतात. नावांची सूची नाही, पान पान उलटावं लागतं, डोळ्यांची वाट लागते. पण माझ्या आवडीचं काम हेच. शाळेचं छप्पर, पाळकाच्या घराची दारं, चर्चमधली बाकं, सगळ्या दुरुस्त्यांत तो डोकावतो.

मृत्युपत्रांकडे धावू नका. जर्नीमनकडे मागे ठेवण्यासारखं फार नसे. तरी सूची फुकट आहे, पाहून घ्या. छोटा मास्टर असला आणि मालमत्तेची यादी झाली असली तर हत्यारांची पेटी, लाकडाचा साठा आणि कोणाकडून किती येणं, सगळं मिळतं. अडलेल्या शब्दांसाठी स्कॉट्स भाषेचे कोश नेटवर फुकट आहेत. इंग्रजी कोशात कॉर्डिनर म्हणजे चांभार, बॅक्स्टर म्हणजे भटारी, फ्लेशर म्हणजे खाटीक, लिटस्टर म्हणजे रंगारी हे शोधत बसू नका.

जाता जाता, मला मराठी लोकांकडून जास्त प्रश्न येतात ते उलट दिशेचे: मुंबईत रेल्वेच्या किंवा गिरणीच्या कामाला आलेला स्कॉटिश फिटर आपल्या घराण्यात आहे, त्याचं गाव कोणतं. त्यांच्यासाठी सुरुवात वेगळी. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि स्कॉटिश मंडळींचं मुंबईतलं चर्च म्हणजे 1819 चं सेंट अँड्र्यूज. तिथून बापाचं नाव आणि वय घेऊन मग स्कॉटलंडात यायचं. पुढचा रस्ता हाच.

राहता राहिला रंधा. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात उत्सुकता त्याचीच आहे. लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर, म्हणजे लाकडाचे तंतू उभे दिसतात त्या छोट्या चौकोनी तोंडावर, ठसे असतात. एक बनवणाऱ्याचा, बहुधा मोठा आणि ठसठशीत. ग्लासगोच्या मॅथिसन कंपनीचे रंधे तर शेकड्यांनी मिळतात. बाकीचे ठसे मालकांचे. एका वखारीत दहा जण काम करायचे, हत्यारं ज्याची त्याची, म्हणून प्रत्येक जण आपल्या नावाचा पोलादी ठसा मारून ठेवायचा. रंधा विकला किंवा वारशाने गेला की नवा मालक आपलं नाव खाली मारतो, कधी जुन्यावरच मारतो. दोन-तीन नावं एकाखाली एक असतील तर सगळ्यात झिजलेलं ते सगळ्यात जुनं. ते तुमच्या राइटचं नसून त्याच्या उस्तादाचं किंवा सासऱ्याचं असू शकतं, आणि मग बर्जेसच्या यादीत ते आडनाव शोधायला कारण मिळतं. सुनेला सांगा, त्याला तेल लावू नका, पॉलिशपेपर तर अजिबात मारू नका. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात खिडकीशी धरा, उजेड बाजूने पडला पाहिजे, आणि त्या टोकाचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवा. सोबत दाखल्यातलं बायकोचं माहेरचं आडनावही.